गावात वाघ नाही, मग पाहुणे कशाला येतील?

गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधच्या अलीकडच्या एका गावातून एका ताईंनी प्रश्न पाठवला आहे. त्या पुण्यातली नोकरी सोडून घरी परतल्या. वडिलांची साडेतीन एकर धानाची शेती, कवेलूचं म्हणजे कौलारू जुनं घर आणि घरामागे मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या जमीनदारीच्या काळातला. पाहुण्यांसाठी दोन-तीन खोल्या काढायच्या आहेत. सफारीचं गेट जवळ नाही, वाघ दिसेल याची खात्री नाही. त्यांचे शब्द असे: "आमच्याकडे पाहण्यासारखं काहीच नाही. स्विमिंग पूल, रेन डान्स असं काही केलं तर लोक येतील का?"

ताई, आधी पूल आणि रेन डान्सचं सांगून टाकतो. करू नका. नागपूरच्या चारही बाजूंना अशी ठिकाणं ढिगानं आहेत आणि त्यांना शहर अर्ध्या तासावर आहे. तीन तास गाडी चालवून तुमच्याकडे कोणी पाण्यात नाचायला येणार नाही. आणि ज्या तलावावर अख्ख्या गावाचं धान पिकतं, त्याच्या बाजूला बोअर मारून निळ्या फरशीचं टाकं भरायचं, हे गावाला पटणार नाही. पटूही नये.

मी पंचवीस वर्षांपासून नागझिरा, नवेगाव आणि पेंचच्या पट्ट्यात पाहुणे घेऊन फिरतो. आधी गाइड होतो, आता गावातल्या पोरापोरींना हे काम शिकवतो. माझ्याकडे तिसऱ्यांदा आलेल्या ठाण्याच्या एका कुटुंबानं गेल्या खेपेला सफारीचं बुकिंगच केलं नाही. पहिल्या वेळी त्यांना वाघीण दिसली होती, तीन मिनिटं, सहा जिप्सींच्या गर्दीत. दुसऱ्या वेळी सकाळची सफारी मिळाली नाही म्हणून मी त्यांना एका तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, नेलं. तिसऱ्या वेळी त्यांनी फोनवर विचारलं ते एवढंच की पाळीवरचे ते मच्छीमार बाबा अजून आहेत का. तुमचं सगळं काम या तलावापासून सुरू होतं, म्हणून त्याच्याबद्दलच जास्त लिहितो.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे हजारो तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात जंगल तोडून तलाव बांधणाऱ्याला जमीन द्यायचा रिवाज होता. चंद्रपूरकडे अजून तुकूम नावाच्या वस्त्या आहेत, ती त्या रिवाजाची खूण. आपल्या भागातले बरेचसे तलाव कोहळी समाजानं बांधले. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी घातला, हे तुम्हाला लहानपणापासून माहीत असेल. पण मुंबईच्या पाहुण्याला माहीत नसतं. यंत्र नसताना, नकाशा नसताना, नुसत्या नजरेनं उतार ओळखून माणसांनी डोंगरांमधली फट बंद केली आणि खाली शेकडो एकर धान उभं केलं, हे पाळीवर उभं राहून सांगितलं की ऐकणारा खाली वाकून मातीला हात लावतो. मालगुजारी १९५१ च्या सुमारास गेली, तलाव सरकारकडे आले आणि बऱ्याच ठिकाणी गाळानं भरले. हेही सांगा. लपवू नका.

पाळीवरच्या सकाळची वेळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पाहुण्यांना पावणेसहाला उठवा, काळा चहा द्या आणि उजाडायच्या आत पाळीवर पोचवा. पहिली पंधरा मिनिटं काहीच दिसत नाही, धुकं असतं. फक्त ऐकू येतं. वारकरी नावाच्या पाणपक्ष्यांचं खुट्‌खुट्, टिटवीचा आरडाओरडा, मधूनच अडई बदकाची शीळ. ही पंधरा मिनिटं तुम्ही बोलू नका. नव्या गाइडची सगळ्यात मोठी चूक हीच, शांतता आली की त्याला वाटतं पाहुणा कंटाळला आणि तो पक्ष्यांची नावं म्हणायला लागतो.

मग धुकं वर सरकतं आणि लव्हाळ्यात जांभळी पाणकोंबडी दिसते. दुर्बीण पाहुण्याच्या हातात द्या आणि तिच्या पायाकडे बघायला सांगा. ती लव्हाळ्याचा दांडा चोचीनं उपटते, एका पायाच्या लांब बोटांत धरते आणि पोरगं ऊस सोलतं तशी सोलून आतला पांढरा गाभा खाते. कमळाच्या पानांवरून कमळपक्षी चालतो. त्याच्या वजनानं पान जरा दबतं, कडेनं पाणी आत येतं, आणि पान बुडायच्या आत तो पुढच्या पानावर गेलेला असतो. मी हे हजार वेळा पाहिलं असेल, तरी अजून थांबतो. लांब मोकळ्या पाण्यावर हळदी-कुंकू बदकं, एखाद्या वर्षी चक्रवाक. पट्टकादंब आले तर सांगा की हा पक्षी हिमालय ओलांडून आलाय, आणि इथं तुमच्या गावातलं उरलंसुरलं धान चरतोय. चांगल्या दोन दुर्बिणी घ्या, आठ बाय बेचाळीसच्या. खोलीला टाइल्स लावायच्या पैशातून घ्या.

आता ते बाबा. तलावाची मच्छीमारी तुमच्याकडेही ढिवर समाजाच्या सोसायटीकडे असेल. त्यातला एखादा जुना माणूस गाठा. पाणी कुठं किती खोल आहे, मरळ कुठल्या गवतात पिल्लं सांभाळते, बगळे आज या काठाला का नाहीत, हे त्याला पुस्तकाशिवाय येतं. पाहुण्यांसमोर त्याला "फोटोसाठी जाळं फेका" असं सांगू नका. त्याच्या रोजच्या कामाच्या वेळेला पाहुणे न्या, तो काम करेल आणि बोलेल, आणि त्या तासाचे त्याला गाइडइतकेच पैसे द्या. आमच्या भागात ढिवर बायांनी तलावातली बेशरम, म्हणजे काठानं माजणारं झुडूप, उपटून काढली, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आणि त्यानंतर मासे आणि पाखरं दोन्ही वाढली. तुमच्या तलावात बेशरम माजली असेल तर खोल्या बांधायच्या आधी ती काढायचं काम सुरू करा. त्या बायांना विचारून करा, त्यांचा अनुभव दांडगा आहे. काढायचं काम पाऊस पडायच्या आधी पाणी कमी असताना सोपं जातं.

एक गोष्ट माझ्या चुकीतून सांगतो. पंधराएक वर्षांपूर्वी मी एका तलावात चार पाहुण्यांना डोंग्यात बसवलं. जॅकेट नव्हतं, पाणी कंबरभर आहे म्हणून मीच हो म्हटलं. कमळं तोडायला दोघं एका बाजूला वाकले आणि डोंगा उलटला. पाणी खरंच कंबरभर होतं, पण कमळाच्या देठांत एका बाईचा पाय अडकला. ढिवरांच्या एका पोरानं उडी मारून देठ कापले म्हणून निभावलं. त्या बाईंचा चेहरा अजून डोळ्यांपुढं येतो. तेव्हापासून परवानगी, लाइफ जॅकेट आणि पोहणारा माणूस या तिन्ही गोष्टी नसतील तर मी कोणाला पाण्यावर नेत नाही. तुम्ही पहिली दोन वर्षं बोटीचा विचारच करू नका. पाळ पुरेशी आहे.

दुसरी तुमच्याकडे असलेली आणि तुम्ही न मोजलेली गोष्ट म्हणजे अंधार. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, भारतातला पहिला. तिथं काय केलं ते ऐका, कारण त्यात तुम्हाला जमण्यासारखं बरंच आहे. त्या पट्ट्यातल्या वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांमधले शंभराहून जास्त दिवे बदलून त्यांचा उजेड खाली जमिनीकडं वळवला. वाघोड्याजवळ आकाश बघायला मचाण आणि दुर्बीण ठेवली. रस्ता अंधारात गेला नाही, आभाळ तेवढं मोकळं झालं.

तुम्हाला असा दर्जा मिळवायची गरज नाही. घरातले बाहेरचे पांढरे फोकस काढा, कमी वॉटचे पिवळे बल्ब लावा, प्रत्येकाला वरून टोपी करा. ग्रामपंचायतीला विनंती करून तुमच्या गल्लीतल्या खांबावरच्या दिव्यालाही टोपी बसवून घ्या. टॉर्चला लाल पतंगी कागद बांधा, लाल उजेडानं डोळ्यांची अंधाराची सवय मोडत नाही. डोळ्यांना चांगली सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तेवढा वेळ मोबाइल एका टोपलीत जमा. मोठी दुर्बीण घ्यायची घाई नको. खळ्यात ताडपत्री किंवा खाटा टाका, त्यावर गोधड्या.

हिवाळ्यात संध्याकाळनंतर पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका, रोहिणी, मग मृग आणि त्याच्या खाली व्याध. मृगाचं नाव शहरातल्या माणसानं पेपरात वाचलेलं असतं, "मृग लागला" म्हणून. तुमच्या बाबांना सांगू द्या की मृगाच्या पाण्यावर पऱ्हे (धानाची रोपं) टाकायचे म्हणजे काय. मार्चपासून रात्रीच्या सुरुवातीलाच सप्तर्षी चांगले वर येतात. आपल्याकडची जुनी माणसं आणि गोंड आजोबा त्यांना खाट म्हणतात, चार तारे म्हणजे खाटेचे चार पाय, आणि मागचे तीन म्हणजे ती चोरायला आलेले चोर. ही गोष्ट मी एका आठ वर्षांच्या मुलीला सांगितली तर तिनं रात्रभर उठून उठून चोर कुठवर आले ते पाहिलं. आकाशगंगेचा दाट पट्टा मार्च-एप्रिलमध्ये पहाटे आणि मे महिन्यात मध्यरात्रीच्या पुढं दिसतो. यासाठी अमावस्येच्या आगेमागे पाच-सहा रात्री धरा आणि बुकिंग घेतानाच पाहुण्यांना तारीख सांगा. पौर्णिमेला आलेल्या माणसाला तारे दाखवतो म्हणून सांगणं खोटं ठरतं.

आता पावसाळा. व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातली गेटं १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतात. या तीन महिन्यांत जंगलालगतची हॉटेलं ओस पडतात, आणि नेमका तेव्हाच तुमचा गाव सगळ्यात जिवंत असतो. जूनच्या पहिल्या सरींनंतर बांधाच्या झाडांवर काजवे. नवरंग पक्षी दोन सुरांची शीळ घालत असतो, दिसायला वेळ लागतो पण ऐकू रोज येतो. रात्री बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, काठावर बेडकांचा एवढा गलका की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं.

आणि रोवणी, म्हणजे धानाची लावणी. पाहुण्यांना चिखलात उतरायचं असतंच. पण हे नीट समजून करा. रोवणीच्या बाया एका ओळीत, एका ठेक्यानं मागं मागं सरकतात, हात खाली गेला की परा रोवला गेला. त्या ओळीत शहरातला माणूस उभा केला की ओळ मोडते, आणि कंत्राटानं काम घेतलेलं असेल तर त्या बायांची मजुरी मोडते. म्हणून बांधीचा, म्हणजे धानाच्या वाफ्याचा, एक कोपरा पाहुण्यांसाठी वेगळा ठेवा. शिकवायला एका बाईला बोलवा, तिला दिवसाची मजुरी आणि वर शिकवण्याचे पैसे द्या. तासाभरात पाहुण्यांची कंबर धरते आणि मग ते स्वतःहून विचारतात की या बाया दिवसभर हे कसं करतात. तिथंच बांधावर बसून तांदळाची गोष्ट सांगा. एचएमटी तांदूळ सगळ्यांच्या घरात असतो, पण तो नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतातल्या वेगळ्या लोंब्या निवडून, वर्षानुवर्षं वाढवून तयार केला आणि त्याला त्या वेळच्या घड्याळाचं नाव मिळालं, हे किती जणांना ठाऊक असतं? भंडाऱ्याच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळालंय. दोन्ही भात वेगवेगळे शिजवून वाढा. वास आल्यावर पाहुणा पाच किलो मागतोच. तो तांदूळ शेजारच्याच्या घरचा द्या, सगळा तुमच्याच कोठीतला नको.

पावसाळ्याच्या रात्री गमबूट आणि चांगली टॉर्च द्यायचीच. मण्यार, नाग, घोणस तिन्ही आपल्याकडे आहेत. खाटेला मच्छरदाणी, चारही बाजूंनी गादीखाली खोचलेली, मण्यारीसाठी हे फार महत्त्वाचं आहे. साप चावल्यावर द्यायचं इंजेक्शन कुठल्या ग्रामीण रुग्णालयात आहे ते आजच जाऊन विचारून या, आणि रात्री दोन वाजता कोणाची गाडी मिळेल ते ठरवून ठेवा.

जेवणाबद्दल थोडक्यात. तुमच्या आई रोज जे करतात तेच. तांदळाची भाकर, सांभार म्हणजे कोथिंबीर घातलेलं वांगं, जवसाची चटणी, तलावातली मरळ. पनीर बटर मसाला करू नका, तो नागपूरला मिळतो. तिखट निम्मं करा, बाजूला ठेचा ठेवा. पावसात सात्या (रानअळंबी) आणि वास्ते (बांबूचे कोंब) निघतात, पण सात्या ओळखणाऱ्या माणसाच्याच हातच्या घ्या आणि वास्त्यांसाठी अभयारण्यात कोणाला पाठवू नका.

दिवाळीनंतर मात्र तुमच्याकडे असं काही आहे जे एकत्र असं महाराष्ट्रात दुसरीकडे सहसा मिळत नाही. मंडई म्हणजे गावची जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती आणि झाडीपट्टीचं, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाचं, नाटक. बैलांच्या शर्यतींवर २०१४ पासून बंदी होती, डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अटींवर परवानगी दिल्यावर पट पुन्हा भरायला लागले आणि मे २०२३ मध्ये न्यायालयानं त्या कायद्याच्या चौकटीत मान्य केल्या. पटाच्या रात्री गावात नाटक. वडशाहून कंपन्या ट्रक भरून येतात, मोकळ्या बांधीत मंडप पडतो, रात्री दहा-साडेदहाला पडदा उघडतो आणि पहाटे संपतो. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीच्या कामासाठी. पुण्या-मुंबईत दोन अंकी नाटकं बघणारी माणसं इथं थंडीत शाल गुंडाळून पहाटे चारपर्यंत बसलेली मी पाहिली आहेत. बाजूला आजी, मांडीवर झोपलेला नातू, समोर स्टेजवर गाणं सुरू, आणि चहावाला वाकून वाकून फिरतोय. निसर्ग पाहायला आलेल्या माणसाला नाटक कशाला, असं तुम्ही म्हणाल. धान कापून झालं, हातात पैसा आला, रात्री मोकळ्या झाल्या, म्हणून हे नाटक आहे. तलाव, धान आणि नाटक हे एकाच वर्षाचे तीन महिने आहेत. पाहुण्यांची तिकिटं आधी काढून ठेवा, त्यांना खुर्चीत बसवू नका, गावासोबत खाली बसवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा कार्यक्रम ठेवूच नका.

काय करू नये, हे त्याच काळजीनं सांगतो.

मार्च-एप्रिलात मोह टपकतो. पाहुण्यांना मोह वेचायला जंगलात नेऊ नका, कितीही मागणी आली तरी. पहाटेच्या अंधारात मोहाखाली अस्वल असतं, आणि आता नागझिऱ्यात वाघही वाढावेत म्हणून प्रयत्न सुरू आहेत, मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरी भागातल्या दोन वाघिणी तिथं आणून सोडल्या. चंद्रपूरकडं मोह आणि तेंदूच्या हंगामात वाकून काम करणाऱ्या किती बायाबापड्यांचे जीव गेले आहेत. आपल्या लोकांना पोटासाठी जावं लागतं. पाहुण्याला हौसेसाठी तिथं नेणं मला अपराध वाटतो. तुमच्या शेतात, धुऱ्यावर मोहाचं झाड असेल तर तेवढं पुरे. आदल्या संध्याकाळी खाली जुनी लुगडी किंवा जाळी अंथरा आणि सकाळी सातला पाहुण्यांना न्या. फुलं टपटप पडत असतात, ताजं फूल दाताखाली धरलं की गोड रस येतो. पालापाचोळा जाळून जागा साफ करायची सवय किती वाईट, तिच्यातून जंगलाला आग कशी लागते, ते त्या अंथरलेल्या लुगड्यावर उभं राहून दाखवता येतं.

सारस. महाराष्ट्रात तो आता जवळपास फक्त गोंदिया-भंडाऱ्यात उरलाय, मोजक्याच जोड्या. पावसाळ्यात धानाच्या बांधीत घरटं करतो, बहुतेक दोन अंडी. तुमच्या शिवारात जोडी दिसली तर पाहुण्यांना जागा सांगू नका, फोटोवर गावाचं नाव टाकू देऊ नका. घरट्याकडं तर कोणालाच नाही. हिवाळ्यात कुटुंबासह मोकळ्या शेतात चरताना रस्त्यावरून लांबून दाखवा. ज्या शेतकऱ्यानं घरट्याभोवतीचं धान न कापता सोडलं, त्याच्या घरी पाहुण्यांना चहाला न्या. तेच खरं सारस दर्शन.

मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून पक्षी बोलवायचे नाहीत. विणीच्या काळात तो पक्षी घरटं सोडून भांडायला येतो. फोटोग्राफर मागतात, पैसे जास्त देतो म्हणतात. नाही म्हणा.

आणि एका नवलावर धंदा उभा करू नका. लोणारचं उदाहरण घ्या. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळं ते झालं होतं. देशभर फोटो फिरले, मग रंग गेला. पण ज्यांना लोणार दाखवता येतं, त्यांचं काम रंगावर अडलं नाही. उल्का आदळून बेसाल्टमध्ये झालेलं पावणेदोन किलोमीटरच्या आसपास रुंदीचं विवर, कडेवरून खाली उतरताना बदलत जाणारं जंगल, काठावर गोड्या पाण्याची धार आणि आत खारं पाणी, गावातलं दैत्यसूदनाचं मंदिर, हे सगळं दर सकाळी तिथंच असतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते रामसर स्थळ झालं, ते या टिकणाऱ्या गोष्टींमुळं.

गावाचं आणि पैशाचं बोलू. एका गावात माझ्या डोळ्यांदेखत बाहेरच्या एका व्यावसायिकानं टुमदार तंबू लावले. रात्री गावातल्या पोरींना नाचायला बोलवायचा, माणशी फुटकळ पैसे द्यायचा. भाजी नागपूरहून, नोकर बाहेरचे, कचरा मात्र गावच्या नाल्यात. दोन हंगामांनी गावानं रस्त्यावर बैलगाड्या आडव्या लावल्या. मला गावाचं बरोबर वाटलं. उलट सालेकसा तालुक्यातल्या हाजरा फॉलला जा. हावडा लाइनच्या रेल्वेतूनही दिसणारा तो धबधबा आहे. तिथं स्थानिक वन व्यवस्थापन समितीनं प्रवेश शुल्क, पार्किंग, सुरक्षा सगळं हातात घेतलं आणि गावातल्या पोरांना काम मिळालं. तिथल्या पोरांशी बसून बोला, त्यांचा हिशेब कसा ठेवतात ते विचारा.

तुमच्याकडे मी असं सुचवेन. खोलीचं भाडं तुमचं. पण पाळीची फेरी ढिवर सोसायटीच्या माणसाची, जेवणात शेजारच्या दोन घरांचा वाटा ठरलेला, धुणं गावातल्या एखाद्या बचत गटाकडं, आणि प्रत्येक पाहुण्यामागं ठरावीक रक्कम तलावाच्या कामासाठी वेगळ्या डब्यात. हा डबा ग्रामसभेत वर्षातून एकदा सगळ्यांसमोर मोजा. वर्षाला रक्कम छोटी निघेल, पण पाहुण्याची गाडी गावात शिरली की लोक हात वर करून रस्ता दाखवतील.

कागदपत्रं टाळू नका. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं, त्याखाली पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी होते. घरातल्याच खोल्या द्यायच्या असतील तर न्याहारी-निवास योजना आहे. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, पाहुण्यांची नोंदवही, परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांच्या आत सरकारकडं त्याची नोंद. तलावाची मालकी आणि मच्छीमारीचा ठेका कोणाकडं आहे हे लेखी पाहून घ्या, नाहीतर पाळीवरच्या पहिल्याच सकाळी वाद होतो.

घराचं थोडक्यात. दोनच खोल्या करा. कवेलू आणि मातीची भिंत मोडू नका, मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा तीच भिंत कामाला येते, वर एक कूलर पुरतो. सगळा खर्च संडास-न्हाणीवर करा. पाश्चात्त्य पद्धतीचा संडास, चोवीस तास पाणी, आतून लागणारी कडी, आणि बायांसाठी झाकणाची कचरापेटी. एकट्या प्रवास करणाऱ्या बाया पुन्हा कुठं जायचं हे यावर ठरवतात, तुम्हाला हे माझ्याहून जास्त कळेल.

दोन रात्री राहणाऱ्याला काय दाखवाल याची काळजी करू नका. एक दिवस तुमचा गाव आणि नवेगावचा बांध. दुसऱ्या दिवशी इटियाडोहचं धरण, तिथून जवळ गोठणगावची तिबेटी वसाहत. पन्नासएक वर्षांपासून तिबेटी कुटुंबं तिथं धानाच्या मुलखात राहतात, पताका सागाच्या झाडांमध्ये फडफडतात. लांब जायची तयारी असेल तर सालेकसा भागात हाजरा आणि कचारगडच्या गुहा. मात्र माघ पौर्णिमेला कचारगड हे गोंड बांधवांचं तीर्थ असतं, तेव्हा तिथं पर्यटक म्हणून नाही, हात जोडून जायचं. दक्षिणेला वडसा ओलांडून मार्कंडा, वैनगंगा तिथं उत्तरेकडं वळते. गाडी नसलेल्यांसाठी गोंदिया-बल्लारशा रेल्वेलाइन आहे, अर्जुनीला उतरवून घ्या, खिडकीतून दिसणारे तलाव मोजायला सांगा.

विटांची ऑर्डर देण्याआधी एक काम करा. शंभर पानी वही घ्या आणि या कार्तिकापासून रोज सकाळी सहा ते साडेसात पाळीवर बसा. काय दिसलं, काय ऐकू आलं, पाणी कुठवर होतं, कोण भेटलं, काय बोललं, सगळं लिहा. पक्ष्याचं नाव माहीत नसेल तर रंग आणि चाल लिहा, आईला विचारा, ढिवर बाबांना विचारा, त्यांचं नाव आधी लिहा, पुस्तकातलं नंतर. चाळीस सकाळी भरल्या की मला कळवा. पहिले चार पाहुणे मी स्वतः घेऊन येतो, आणि पाळीवर तुम्हीच त्यांना न्यायचं, मी मागून चालेन.